गळवे पुन्हा पुन्हा होतात? 'रक्त खराब' म्हणून सोडून देऊ नका

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात गळवांचे रुग्ण वाढतात. कुणाच्या मानेवर, कुणाच्या काखेत, कुणाच्या मांडीवर, तर लहान मुलांच्या थेट डोक्यावर. बरोबर आलेली वडीलधारी मंडळी कारणही सोबतच घेऊन आलेली असतात. 'आंबे फार खाल्ले', 'अंगात उष्णता आहे', नाही तर 'रक्त खराब झालंय, रक्तशुद्धीचं औषध द्या.' बहुतेक वेळा गळू आठ-दहा दिवसांत पिकते, फुटते, पू निघून जातो आणि घरचे लोक ते विसरूनही जातात. विसरले तरी काही बिघडत नाही.

परंतु काही थोड्या घरांत असे एखादे मूल असते की, त्याचे एक गळू बरे होते न होते तोच दुसरे डोके वर काढते. वर्षातून चार वेळा, सहा वेळा. तान्हेपणापासून अंगावर इसब, मध्येच न्यूमोनिया, आणि पुन्हा गळू. अशा मुलाला 'हा असाच पिकणाऱ्या अंगाचा आहे' असे म्हणून सोडून देणे बरोबर नाही. त्याच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीतच जन्मतः काही उणीव असू शकते. अशा उणिवेचा एक नमुना म्हणजे 'हायपर आयजीई सिंड्रोम'. आज त्याची माहिती घेऊ. आजार दुर्मिळ आहे, पण वेळेवर ओळखला तर अगदी साध्या उपचारांनी पुष्कळ फरक पडतो, आणि ओळखला नाही तर मुलाची फुफ्फुसे कायमची निकामी होऊ शकतात.

गळू कसे होते?

आपली त्वचा म्हणजे शरीराची तटबंदी. या तटाच्या बाहेर असंख्य जंतू कायम मुक्कामाला असतात. त्यांपैकी गळू करणारा मुख्य जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथील शल्यचिकित्सक सर अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोल जंतू आढळले. १८८२ मध्ये त्यांनी ग्रीक भाषेतील द्राक्षघडाच्या शब्दावरून त्यांना 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिले. निरोगी माणसांपैकी सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो.

त्वचेला खरचटले, केसाच्या मुळाशी घाम आणि मळ साचला, खाजवून जखम झाली की हा जंतू आत शिरतो. लगेच त्या जागेच्या पेशी धोक्याची हाक देतात. ती हाक ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावतात, जंतूंना गिळतात आणि मारतात. या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि गळालेल्या पेशी यांचा लगदा म्हणजे पू. जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. रुग्णाला त्रास होतो हे खरे, पण ही चारही लक्षणे सैन्य वेळेवर पोचले आहे याची खूण आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आधी नेहमीची कारणे

पुन्हा पुन्हा गळवे होणाऱ्या बहुतेकांना दुर्मिळ आजार नसतो. म्हणून पहिल्यांदा नेहमीची कारणे तपासावीत. मोठ्या माणसाला गळवे होऊ लागली तर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे गळवामुळेच कळते. मुलांमध्ये खरूज हे फार मोठे कारण आहे. खाजवून खाजवून जखमा होतात आणि त्या पिकतात. अशा वेळी केवळ पिकलेल्या फोडांवर उपचार करून भागत नाही. घरातील सर्वांनी एकाच दिवशी खरजेचे औषध लावावे लागते. मुलींच्या डोक्यात उवा असतील तर मानेवर आणि टाळूवर फोड येतात. एकच टॉवेल, एकच वस्तरा, एकच पंचा घरभर फिरत असेल तर एकाचा जंतू दुसऱ्याला मिळतो. कुपोषण आणि पांडुरोग यांचाही हातभार लागतो. आवश्यक वाटल्यास एचआयव्हीची तपासणीही करावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि आंब्याविषयी म्हणाल तर आंबा निर्दोष आहे. आंब्याचा आणि घामाचा हंगाम एकच असतो, एवढेच.

मग संशय केव्हा घ्यावा?

पुढील गोष्टींपैकी दोन किंवा अधिक एकाच मुलात आढळल्या, तर डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे की, 'याच्या प्रतिकारशक्तीची तपासणी करायची गरज आहे का?'

(१) वारंवार खोलवरची गळवे होणे. विशेषतः मानेतील गाठी, यकृत, हाड अशा ठिकाणी पू होणे.
(२) एका वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया होणे.
(३) एका वर्षात चार किंवा अधिक वेळा कान फुटणे.
(४) वर्षाचे झाल्यानंतरही तोंडात पांढरी बुरशी येत राहणे.
(५) तोंडाच्या औषधांनी न भागता दर वेळी शिरेतून औषधे द्यावी लागणे.
(६) वजन आणि उंची न वाढणे.
(७) घराण्यात अशाच प्रकारे लहानपणी मुले दगावल्याचा इतिहास असणे.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. 'याच्या आधीचं एक पोर असंच गळवं होऊन गेलं' हे वाक्य आई किंवा आजी सहज बोलून जाते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घरच्यांना जी दुःखाची आठवण वाटते, तीच निदानाची किल्ली ठरू शकते.

सैन्य आहे, पण हाक पोचत नाही

१९६६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील डॉ. स्टार्की डेव्हिस, डॉ. जेन शॅलर आणि डॉ. राल्फ वेजवुड यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. दोघींना लहानपणापासून इसब होते आणि वारंवार मोठमोठी गळवे होत होती. नवलाची गोष्ट अशी की, ही गळवे पुवाने भरलेली असूनही लाल नव्हती, गरम नव्हती आणि फारशी दुखतही नव्हती. बायबलमध्ये जोब नावाच्या सत्शील माणसाची कथा आहे. त्याच्या अंगावर तळपायापासून टाळूपर्यंत गळवे उठली होती. त्यावरून या आजाराला 'जोब्ज सिंड्रोम' असे नाव पडले. १९७२ मध्ये डॉ. रिबेका बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे प्रचंड प्रमाणात वाढलेली असतात हे दाखवले. तेव्हापासून 'हायपर आयजीई सिंड्रोम' हे नाव रूढ झाले.

मूळ कारण सापडायला मात्र २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जपानमधील आणि अमेरिकेतील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, बहुतेक रुग्णांत 'स्टॅट-३' नावाच्या जनुकात दोष असतो. हे जनुक पेशीमधल्या एका निरोप्याची घडण ठरवते. पेशीच्या दारात आलेला निरोप तिच्या केंद्रापर्यंत पोचवणे हे त्या निरोप्याचे काम. तोच लंगडा असेल तर एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशी तयारच होत नाहीत. या पेशींचे काम असे की, त्वचेला आणि फुफ्फुसाच्या अस्तराला 'जंतू आला, सैन्य बोलवा' असा इशारा द्यायचा. इशारा मिळत नाही म्हणून सैन्य उशिरा येते. रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी असते, पण त्यांना हाक पोचत नाही. म्हणूनच या आजारात मुख्यतः त्वचा आणि फुफ्फुसे या दोन ठिकाणी वारंवार संसर्ग होतो.

ताप येणे, लाली येणे, ठणका लागणे हेही याच निरोप्यांचे काम. तेही नीट होत नाही. म्हणून या मुलाच्या छातीत न्यूमोनिया मुरत असतो आणि मूल मात्र अंगणात खेळत असते. या आजारातला खरा धोका हाच आहे. इतर मुलांत आपण तापावरून आजाराचे गांभीर्य ओळखतो. येथे तो मापदंडच हातातून गेलेला असतो.

आजाराची इतर लक्षणेही पाहण्याजोगी आहेत. जन्मानंतर काही आठवड्यांतच चेहऱ्यावर आणि टाळूवर पुटकुळ्या येतात. पुढे इसब होते. दुधाचे दात पडतच नाहीत आणि नवे दात त्यांच्या मागे किंवा पुढे उगवतात, त्यामुळे काही मुलांच्या तोंडात दातांच्या दुहेरी रांगा दिसतात. किरकोळ पडण्याने हाड मोडते. सांधे जरा जास्तच वाकतात. वाढत्या वयात पाठीच्या कण्याला बाक येतो. नाक रुंद होते, चेहऱ्याची त्वचा जाड आणि खडबडीत दिसू लागते. नखांत आणि तोंडात बुरशी होते. सर्वच लक्षणे एका मुलात एकदम दिसतील असे नाही. काही दहा-बारा वर्षांनंतर दिसू लागतात.

थंड गळू आणि क्षयाचा घोटाळा

येथे आपल्या भागातील एक अडचण सांगितली पाहिजे. लाल नाही, गरम नाही, दुखत नाही असे गळू दिसले की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो योग्यच आहे. क्षयाच्या गळवाला वैद्यकात 'थंड गळू' असेच म्हणतात. आपल्या देशात क्षय भरपूर आहे, आणि हायपर आयजीई सिंड्रोम लाखात एकालाही होत नाही. म्हणून आधी क्षयाचा विचार करायलाच हवा. घोटाळा होतो तो पू न तपासता औषध सुरू केल्यावर.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले. मानेला लिंबाएवढी गाठ, दाबले तर आत पाणी हलल्यासारखे वाटत होते, पण पोरगा कुरकुर करीत नव्हता. आजींच्या पिशवीत कागदांची जाड चळत होती. दोन वेळा क्षयाची औषधे पूर्ण झालेली, दोन वेळा न्यूमोनियासाठी दवाखान्यात भरती, आणि गळवे किती झाली याचा हिशेबच नव्हता.

"डाक्टर, ह्याला क्षयच हाये का हो? दोनदा गोळ्या खाल्ल्या, एक डोस चुकवला नाही मी," आजी म्हणाल्या.

"आजी, कधी पू काढून तपासायला दिला होता का?"

"न्हाई. गाठ बघूनच सांगितलं."

मी मुलाला तोंड उघडायला सांगितले. खालच्या बाजूला दुधाचे दात तसेच होते आणि त्यांच्या मागे नव्या दातांची रांग. मागच्या वर्षी झाडावरून नव्हे, ओट्यावरून पडून हात मोडल्याचे आजींनी सांगितले. त्याच्या गाठीतील पू तपासणीला पाठवला. क्षयाचे जंतू नव्हते, स्टॅफिलोकॉकस निघाला. पुढील तपासण्यांसाठी मुलाला मुंबईला पाठवले आणि तेथे जनुकाच्या तपासणीत निदान पक्के झाले. तोपर्यंत आधीच्या न्यूमोनियांमुळे उजव्या फुफ्फुसात एक पोकळी झालेली होती. ती भरून येण्यासारखी नव्हती. पण रोजची गोळी सुरू झाल्यापासून त्याला एकदाही न्यूमोनियासाठी दवाखान्यात ठेवावे लागलेले नाही. गळवे होतात, परंतु वर्षातून एखादे.

या प्रसंगावरून कुणी क्षयाची चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. तसे करणे फार घातक आहे. सांगायचे एवढेच की, गळू थंड असेल तर त्यातील पू प्रयोगशाळेत गेला पाहिजे: एक भाग क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी, एक भाग इतर जंतूंच्या संवर्धनासाठी. शासकीय यंत्रणेत क्षयाची तपासणी मोफत होते. पू गटारात जाण्यापेक्षा बाटलीत जाऊ द्या.

तपासण्या कोणत्या?

सुरुवात तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या साध्या तपासण्यांनीच होते. रक्तातील पेशींची संपूर्ण मोजणी, त्यात इओसिनोफिल पेशींचे प्रमाण, साखर, छातीचा एक्स-रे आणि पुवाचे संवर्धन. त्यानंतर आयजीईचे प्रमाण. या आजारात ते बहुधा दोन हजार युनिटच्या वर असते. पण येथेही घाई करू नये. पोटातील जंत, दमा आणि साधे इसब यांतही आयजीई वाढते, आणि आपल्याकडे जंत तर घरोघरी. त्यामुळे केवळ आयजीईचा आकडा पाहून कुणाला हा आजार चिकटवू नये. गळवे, न्यूमोनिया, दात, हाडे अशी सगळी लक्षणे एकत्र ठेवून तज्ज्ञ डॉक्टर गुण मोजतात आणि मग जनुकाची तपासणी करतात.

उपचार: मोठे नाहीत, पण रोजचे आहेत

या आजाराचा दोष जनुकात असल्याने गोळ्यांनी तो मुळातून जात नाही. तरीही रुग्णाचे आयुष्य उपचारांनी खूप बदलते. ते असे:

पू काढणे. मोठे गळू केवळ गोळ्यांनी बरे होत नाही. शल्यचिकित्सकाने छेद देऊन निचरा करावा लागतो. पू तपासून, त्या जंतूवर कोणते प्रतिजैविक चालते हे पाहून औषध द्यावे. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस आता सर्वत्र आढळतो, म्हणून 'मागच्या वेळचीच गोळी द्या' हा आग्रह धरू नये. या रुग्णांत उपचारांचा कालावधीही नेहमीपेक्षा लांब ठेवावा लागतो.

रोजची प्रतिबंधक गोळी. हा उपचाराचा कणा आहे. त्यासाठी बहुधा कोट्रायमोक्झाझोल हे जुने, स्वस्त औषध वापरतात. ते आजार झाल्यावर घ्यायचे नसून आजार होऊ नये म्हणून रोज घ्यायचे असते. वजनानुसार मात्रा डॉक्टर ठरवतात. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर ताबडतोब दाखवावे, आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यावे. 'आता बरं आहे, मग गोळी कशाला?' असे पुष्कळ जण विचारतात. गोळी चालू आहे म्हणूनच बरे आहे, हे त्याचे उत्तर.

त्वचेची निगा. त्वचेवरील जंतूंची संख्या कमी ठेवणे हा यातला हेतू. डॉक्टर क्लोरहेक्झिडिनच्या द्रावणाने अंग धुवायला सांगतात, किंवा आठवड्यातून दोन-तीन वेळा आंघोळीच्या पाण्यात अगदी थोडे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांसाठी वापरतो ते विरंजक द्रव, घालायला सांगतात. पाण्यातील त्याचे प्रमाण फक्त ०.००५ टक्के असावे लागते. बाजारातील बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते. म्हणून आपली बाटली डॉक्टरांना दाखवून बादलीला किती थेंब किंवा चमचे घालायचे हे लिहून घ्यावे. अंदाजाने घालू नये, त्वचा भाजेल. आंघोळीनंतर त्वचा कोरडी पडू नये म्हणून खोबरेल किंवा पांढरे व्हॅसलीन लावावे. नाकात लावण्याचे मलमही काही काळ देतात.

इसबावरील मलम. इसब आटोक्यात राहिले तर खाज कमी, खाज कमी तर जखमा कमी, आणि जखमा कमी तर गळवे कमी. त्यासाठी डॉक्टर योग्य ताकदीचे स्टिरॉइडचे मलम ठरावीक दिवस देतात. मात्र औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने 'तीन औषधांचं एकच मलम' आणून महिनोन्महिने चोपडणे टाळावे. सुरुवातीला जादू झाल्यासारखी वाटते, मग त्वचा पातळ होते आणि गजकर्ण अंगभर पसरतो.

फुफ्फुसे आणि बुरशी. फुफ्फुसात पोकळी झाली असेल तर तीत बुरशी घर करते आणि थुंकीतून रक्त पडू शकते. म्हणून काही रुग्णांना बुरशीविरोधी गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. खोकला आठवडाभर टिकला तर ताप नसला तरी एक्स-रे काढावा.

इतर उपाय. न पडलेले दुधाचे दात दंतवैद्याकडून काढून घेतले की नवे दात जागेवर यायला वाट मिळते. काही रुग्णांत प्रतिपिंडांची, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची, इंजेक्शने ठरावीक अंतराने द्यावी लागतात. निवडक रुग्णांत अस्थिमज्जेचे रोपण करतात.

शेजारचे आजार

वारंवार पू होण्याचे आणखी एक कारण म्हणजे 'क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज'. यात हाक पोचते, सैन्यही येते, पण शिपायांच्या बंदुकीत दारूगोळाच नसतो. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, परंतु मारू शकत नाहीत. हा आजार पुष्कळदा मुलांना, म्हणजे मुलग्यांना, होतो आणि आईकडून येतो. मानेतील व जांघेतील गाठी, यकृत आणि फुफ्फुसे यांत पू होतो. बीसीजीच्या लशीच्या जागी किंवा काखेत मोठी गाठ होऊन वाहणे हेही त्याचे लक्षण असू शकते. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावर याचे निदान होते आणि अस्थिमज्जेच्या रोपणाने तो मुळातून बरा होऊ शकतो. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या उणिवेचे असे साडेचारशेहून अधिक प्रकार आता माहीत आहेत.

या दोन्ही आजारांच्या रुग्णांनी शेणखताचा उकिरडा उपसणे, कुजलेला पालापाचोळा गोळा करणे, बुरसटलेला भुसा किंवा कडबा झटकणे ही कामे करू नयेत. त्यातील बुरशीचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात. शेतकऱ्याच्या घरात हे पथ्य अवघड आहे याची मला कल्पना आहे. पण औषधाइतकेच ते महत्त्वाचे आहे.

नातेसंबंध आणि पुढची मुले

'स्टॅट-३' च्या दोषात आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मग मुलगा असो की मुलगी. पुष्कळदा आई-वडील पूर्ण निरोगी असतात आणि दोष त्या मुलातच नव्याने निर्माण झालेला असतो. म्हणून सुनेला किंवा तिच्या माहेरला बोल लावण्यात काही अर्थ नाही. या आजाराशी साधर्म्य असलेला दुसरा एक प्रकार आहे. त्याचे 'डॉक-८' हे जनुक २००९ मध्ये सापडले. त्यात आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची आपली जुनी पद्धत अशा आजारांना वाट करून देते. घराण्यात असा इतिहास असेल तर नात्यात सोयरीक जमवण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

तसेच एका मुलाला प्रतिकारशक्तीचा आजार असल्याचे ठाऊक असेल तर पुढच्या बाळाला बीसीजीची लस टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे. इतर सर्वांनी मात्र बाळाच्या लशी वेळेवर द्याव्यातच. हा लेख वाचून कुणी लस टाळू नये.

घरी काय करावे, काय करू नये

गळवावर बिब्बा घालणे, चटके देणे, शेण किंवा तंबाखू बांधणे हे प्रकार बंद करावेत. बिब्ब्याने कातडी भाजते आणि जंतूंना नवी वाट मिळते. स्वच्छ कापडाने कोमट पाण्याचा शेक देणे पुरेसे आहे. नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे गळू कधीही पिळू नये. तेथील शिरांचा संबंध मेंदूकडील शिरांशी असतो. नखे कापलेली ठेवावीत. रुग्णाचा टॉवेल, चादर, कंगवा वेगळा असावा आणि कपडे कडक उन्हात वाळवावेत. हा आजार स्पर्शाने दुसऱ्याला होत नाही. मुलाला शाळेत वेगळे बसवू नये.

निदान झालेल्या मुलाजवळ डॉक्टरांच्या सहीचा एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम असावा. त्यावर आजाराचे नाव, चालू गोळ्या, अॅलर्जी आणि एक वाक्य ठळक अक्षरांत असावे: 'या रुग्णाला ताप नसला तरी संसर्ग गंभीर असू शकतो.' ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा दुसऱ्या गावी कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी हा कागद आणि पूर्ण मुदतीच्या गोळ्या सोबत घेतल्याशिवाय गाव सोडू नये. परगावच्या नव्या डॉक्टरला तो कागद अर्ध्या मिनिटात सर्व सांगतो.

कुठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शासकीय शाळांतील मुलांची तपासणी करतात. त्यांच्यापुढे मुलाचा पूर्ण इतिहास सांगावा. तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिला 'एनआयआयएच' या नावाने ओळखतात. तेथे या आजारांच्या विशेष तपासण्या होतात. परळलाच बाई जेरबाई वाडिया हे मुलांचे रुग्णालयही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात काही प्रतिकारशक्तीच्या आजारांचा समावेश असून केईएम हे त्यातील एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. आपल्या मुलाचा आजार त्यात बसतो का, हे तेथील समाजसेवा विभागात विचारावे. जाताना जुने सर्व कागद, एक्स-रे आणि पुवाचे अहवाल न्यावेत.

ज्यांच्या घरात वारंवार पिकणारे मूल आहे त्यांनी आजच एक शंभर पानी वही करावी. तीत गळू केव्हा झाले, कुठे झाले, ताप होता का, लाल-गरम होते का, पू तपासला का, कोणते औषध किती दिवस दिले, एवढे लिहीत जावे. सहा महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मध्येच खोकला लागला किंवा गाठ वाढली तर मात्र सहा महिने थांबू नये. 'याला सारखंच काही ना काही होतं' या वाक्यावरून निदान होत नाही. तारखा लिहिलेल्या वहीवरून होऊ शकते.